घरात दिवाळी आहे का?

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, आयुष्यात मोजून तीन प्रश्न पडले. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की, "घरात दिवाळी आहे का?" नळाची धार मोठी दिसली की, "धरण बापाचं आहे का?" आणि पंखा चालू ठेवून कोणी बाहेर आलं की, "खुर्चीला उकडतंय का?" या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं हे मला उशिरा कळलं. चौथीत असताना मी पहिल्या प्रश्नाला "नाही अण्णा, दिवाळीला अजून दीड महिना आहे" असं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. त्या वर्षी माझ्या वाटणीचे फटाके निम्म्यावर आले.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, मिरजेची. चार खोल्या आणि बल्ब चार. स्वयंपाकघरात चाळीसचा, मधल्या खोलीत चाळीसचा, बाहेरच्या खोलीत साठचा. साठचा बल्ब पाहुण्यांसाठी होता, पण सगळ्याच पाहुण्यांसाठी नाही. पाहुणा सोयरिकीचं बोलायला आला असेल तर साठचा लागे. वर्गणीवाला असेल तर त्याला दारातच, रस्त्यावरच्या म्युनिसिपालिटीच्या खांबाच्या उजेडात उभं केलं जाई. चौथा बल्ब माजघरात होता, झिरोचा, लाल रंगाचा. तो मात्र रात्रभर चालू असे आणि त्याच्याकडे बघून अण्णांनी दिवाळीचा प्रश्न कधी विचारला नाही. अण्णा शाळेत गणित शिकवत. झिरो म्हणजे शून्य, शून्य गुणिले कितीही तास म्हणजे शून्य. सिद्धता संपली.

अण्णा गेले, मिरजेचं घर गेलं, मी पुण्यात कोथरूडला फ्लॅट घेऊन बँकेत टेबलं बदलत बदलत निवृत्त झालो. निवृत्त माणसाला घर पहिल्यांदाच दिवसाउजेडी दिसतं. मला दिसलं की माझ्या घरात रोजच दिवाळी आहे. मोबाइल काढून घेतलेले चार्जर भिंतीला लटकताहेत. टीव्ही बंद आहे पण त्याच्या खालच्या खोक्याचा लाल डोळा जागा आहे. मुलगी एसी चोवीसवर लावते आणि अंगावर आजीची गोधडी घेऊन झोपते. गोधडी ही थंडीत वापरायची वस्तू आहे असं मला साठ वर्षं वाटत होतं. चोवीस अंश हा तिचा आकडा नाही, सरकारचा आहे. २०२० पासून नवा एसी चालू केला की आपोआप चोवीसवरच सुरू व्हावा असा नियम आहे. गोधडीबद्दल नियमात काही नाही.

तर मी ठरवलं, जुन्या सवयींकडे परत जायचं. जेवताना जाहीर केलं, "उद्यापासून आपल्या घरात पंधरा दिवस मिरज."

आई आमच्याकडेच असते, वय ब्याऐंशी. तिने घास थांबवला. "कुठली मिरज?"

"आपली. पाटा-वरवंटा, बंब, माठ, हाताने धुणं. तू कशी विजेशिवाय सगळं करायचीस."

"अरे, त्या मिरजेतून सुटायला मला तीस वर्षं लागली," आई म्हणाली. "तू जा. मी इथेच बरी आहे."

मला वाटलं, वयामुळे तिला जुन्याचं महत्त्व उरलेलं नाही. मी मोबाइलवरून पाटा-वरवंटा मागवला.

तो आला तेव्हा कुरियरचा मुलगा दारात घामाघूम उभा होता. दगड कुठल्याशा दूरच्या राज्यातून ट्रकने आला होता, मग टेम्पोने, मग लिफ्टने. मी त्याला पाणी दिलं, तो दोन तांबे प्यायला. खोक्यावर 'पर्यावरणपूरक' असा शिक्का होता आणि आत दगडाभोवती सात थर प्लास्टिक होतं. आईने पाट्यावरून हात फिरवला, जसा वधूपक्षाकडचा माणूस सोन्यावरून फिरवतो, आणि म्हणाली, "ह्याला टाकी कुठाय? हा तर आरसा आहे."

पूर्वी "पाटाऽ टाकीऽऽ" अशी हाक देत बायका गल्लीतून जायच्या. छिन्नी-हातोडीने पाट्यावर बारीक खळगे पाडून द्यायच्या, त्या खळग्यांत दाणा अडतो आणि वाटला जातो. हा पाटा मशीनवर घासून गुळगुळीत केलेला, फोटोत चांगला दिसावा म्हणून. त्यावर शेंगदाणे ठेवले आणि वरवंटा पुढे लोटला की शेंगदाणे लहान मुलांसारखे घसरगुंडी खेळून पलीकडे उतरत. मी चाळीस मिनिटं वाटलं. त्यातली दहा जमिनीवरचे शेंगदाणे गोळा करण्यात गेली. चटणी झाली, तिला लसणाचा वास होता, तिखट रंग होता आणि दाताखाली थोडं दख्खनचं पठार होतं. नव्या पाट्यावर आधी तांदूळ आणि खडेमीठ वाटून टाकून द्यायचं असतं, म्हणजे कच निघून जाते, हे आईने मला नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं, तर मी विचारलं नाही.

संध्याकाळी कमरेत उसण भरली. बायकोने बाम चोळला, शेकायची विजेची पट्टी लावली आणि हिशेब मांडला. हिशेब मांडण्यात तिला मुलीची मदत झाली. मुलीने मिक्सर उलटा करून बुडावरचं लिहिलेलं वाचलं, पाचशे वॅट. चटणीला एक मिनिट लागतं. पाचशे वॅट एक मिनिट, म्हणजे सव्वाआठ-साडेआठ वॅट-तास. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट.

"म्हणजे एका युनिटमध्ये एकशे वीस चटण्या," मुलगी म्हणाली.

"आणि युनिट कितीला?" आईने विचारलं.

"धर दहा रुपयांना."

आईने मनात भागाकार केला. गणिताच्या मास्तरांची बायको. "चटणी आठ पैशांना पडली."

"बाम साठ रुपयांचा आहे," बायको म्हणाली.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मिक्सर मागाहून आला. तोवर अकरा वर्षं वाटलं मी. रोजचे आठ पैसे. बघ बरं किती होतात." मुलीने मोबाइलवर बघितलं. तीनशे एकवीस रुपये होत होते. कोणी काही बोललं नाही. माझ्या कमरेची पट्टी तेवढी बारीक गुणगुणत होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात विजेचं माप चटणी आहे. वॅट, किलोवॅट, युनिट हे शब्द शाळेत शिकलेले असले तरी कुणाच्या पोटात उतरलेले नसतात. चटणी उतरते. इस्त्री पाव तास तापली, तीस चटण्या. छताचा जुना पंखा तासाला नऊ चटण्या, आणि बाजारात नवे कमी विजेचे पंखे मिळतात ते तासाला साडेतीन. नऊ वॅटचा एलईडी दिवा तासाला एक चटणी, जरा वर. दीड टनी एसी जोरात चालला तर तासाला एकशे ऐंशी. मुलगी आता रात्री रिमोट हातात घेते तेव्हा आई नुसतं "लसूण सोलायला घेऊ का?" म्हणते.

आणि गिझर. दोन हजार वॅटचा, अर्धा तास चालू राहिला की एकशे वीस चटण्या. घरात गिझर विसरणारा माणूस एकच आहे आणि तो हा लेख लिहितो आहे. पाट्यावर चार महिने वाटून मी जेवढी वीज वाचवणार होतो तेवढी मी एका सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवताना घालवत होतो. हे कळल्यावर मी बंबाचा विषय काढला. तांब्याचा बंब, मध्ये धुरांडं, भोवती पाणी, खाली नारळाच्या शेंड्या, करवंट्या, भुईमुगाची टरफलं, लाकडाच्या ढलप्या. वीज नाही, गॅस नाही, कचऱ्यावर कढत पाणी! त्या पाण्याला धुराचा एक खमंग वास यायचा.

"यायचा," आई म्हणाली. "तू सहाला उठून अंघोळीला जायचास, तेव्हा यायचा. मी पाचला उठून फुंकणी फुंकायचे तेव्हा डोळ्यांत जायचा."

पण बंबातली एक गोष्ट आईने सोडलेली नाही. बंबाचं पाणी कढत, ते अंगावर घेता येत नाही, म्हणून बादलीत गार पाणी मिसळायचं. त्याला विसण म्हणतात. बंबाला कमीजास्त करायची सोय नव्हती म्हणून विसण लागायचं. आम्ही गिझरला तशी सोय असूनही पाणी आधी चटका बसेल इतकं तापवतो आणि मग विसण घालून निववतो. आई बारा मिनिटांत गिझर बंद करते. तेवढ्यात एका बादलीचं पाणी विसणाशिवाय बरोब्बर कोमट होतं, अठ्ठेचाळीस चटण्यांत. मी हे तिला शास्त्रीय भाषेत समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "कडकडीत करायचं आणि मग गार ओतायचं, हा खेळ पैसेवाल्यांचा."

मिरज पंधरवड्याच्या चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मिरज माझ्या घरात आधीपासूनच आहे. फक्त ती मी शोधत होतो तिथे नव्हती.

उदाहरणार्थ कुकर. मी कुकर लावला की शिट्ट्या मोजायचं काम मोबाइल बघता बघता करतो, त्यामुळे आमच्या वरणाला कधी पाच शिट्ट्या होतात, कधी आठ. आई डाळ-तांदूळ आधी भिजवते. तीन डबे एकावर एक, खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे नाहीतर दुधी, तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद. मग कोणी झाकणाला हात लावायला गेलं की, "वाफ जिरू दे." मला वाटायचं, हे सुरक्षिततेसाठी. सुरक्षिततेसाठी आहेच, पण आतलं पाणी शंभराच्या वर, एकशे वीस अंशांच्या आसपास तापलेलं असतं, आणि ती वाफ जिरेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं डाळ फुकट शिजत असते. आई गॅसला सुट्टी देऊन वाफेला कामाला लावते.

याचा पुरावा लेखी आहे. मराठी घरात ऊर्जेची सगळी कागदपत्रं कालनिर्णयच्या पानामागे असतात. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं तेव्हा पुढच्या बाजूला तिथी-नक्षत्रं घातली. मागच्या बाजूला पाककृती आणि लेख असतात, पण त्यांच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत घराघरांतून दुधाचे खाडे, इस्त्रीवाल्याचे कपडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली गेली. कोणीतरी विद्यापीठात यावर प्रबंध लिहायला हवा. आमच्या पट्टीवर दोन हस्ताक्षरं आहेत. आई भावाकडे गेली होती तेव्हा १४.२ किलोचा सिलिंडर अडतीस दिवस पुरला. ती परत आल्यावर तोच, एका माणसाची भर पडूनही, एक्कावन्न दिवस. बायकोने त्या आकड्याखाली लाल पेनने रेघ मारली आहे आणि शेजारी लिहिलं आहे, "शिट्ट्या कोण मोजतं?"

माठाचंही तसंच. फ्रिजची बाटली बंद करायची म्हणून मी माठ आणला. नळाचा, लाकडी घडवंचीसकट, भोवती पांढऱ्या रंगात वारली चित्रं, तारपा वाजवणारा आणि गोल फेर धरणारी माणसं, वरून चकचकीत वॉर्निश. चारशे जास्त गेले, पण बैठकीला शोभा आली. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायलो तर ते जवळजवळ चहा करण्याच्या बेताला आलेलं होतं.

आई आली, तिने माठाच्या पोटाला हात लावला. कोरडा ठणठणीत. "ह्याला रेनकोट घातलाय तू," म्हणाली. माठाला घाम यायला हवा. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडून जातं, जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. रंग दिला, वॉर्निश फासलं की छिद्रं बुजतात. वारली माणसं फेर धरून नाचत राहतात, पाणी मात्र तापतं. आईने कुंभारवाड्यातून साधा काळा माठ आणवला, रात्रभर भिजवला, खिडकीच्या वाऱ्यात तिवईवर ठेवला, भोवती ओला पंचा गुंडाळला. दुपारपर्यंत त्याच्या अंगावर बारीक थेंब फुटले होते आणि बायको येता-जाता त्याला गाल लावून जात होती.

माठाबद्दल एक सांगायला हवं, कारण त्यावर फार भावनिक बोललं जातं. हा सगळा कारभार कोरड्या हवेचा आहे. आमची रत्नागिरीची मावशी दर मे महिन्यात फोनवर सांगते की तिचा माठ पाणी गार करत नाही, कुंभाराने फसवलं. कुंभाराने नाही, समुद्राने. हवेतच इतकी ओल असते की माठाचा घाम सुकत नाही, माणसाचाही नाही. पुण्यातही मृगाचा पाऊस पडला की आई माठ धुऊन उपडा घालते आणि आश्विनात परत काढते. जुनं ते सोनं असं ती एकदाही म्हणालेली नाही. ती म्हणते, "ज्याचा त्याचा हंगाम."

बाकी किरकोळ बरंच आहे. पँटी गादीखाली घालून झोपणं, सकाळी घडी धारेसारखी. दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्याच्या फरशीला चिकटवणं, त्या वाळल्या की आपोआप गळून पडतात. नऊवारीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं सायकल पुसायचं फडकं, सायकल विकली तेव्हा ते फडकं सायकलबरोबर गेलं. हे सगळ्यांच्या घरात होतं, त्यावर मी कागद खर्च करत नाही. मला सांगायचं आहे ते कुरडयांचं.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दहा किलोवॅटची सौर पॅनेलं आहेत. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यांच्या हिशेबात चालतात. उन्हाच्या दिवशी चाळीसएक युनिटं निघतात, म्हणजे चार हजार आठशे चटण्या. सेक्रेटरींना या पॅनेलांचा फार अभिमान. त्यांच्या मोबाइलवर दिवसभराचा आलेख येतो, सकाळी चढणारा, दुपारी टेकाड, संध्याकाळी उतार. कोणीही लिफ्टमध्ये भेटलं की ते आलेख दाखवतात. तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत सुटका नसते.

पॅनेलं आली आणि गच्चीवरची वाळवणाची जागा गेली. आईने वर्षभर दम धरला. यंदा चैत्रात तिने गहू भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. वाटायला मिक्सर घेतला, पाट्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजला. मी झोपलो होतो. आई, बायको, कामाला येणाऱ्या मावशी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अशा चौघी पातेलं, सोऱ्या आणि एक जुनं नऊवारी घेऊन लिफ्टने वर गेल्या. लिफ्ट पॅनेलांच्याच विजेची, हे इथे नोंदवून ठेवतो.

सकाळी साडेअकराला सेक्रेटरी दारात. हातात मोबाइल, चेहरा पांढरा. आलेखाच्या टेकाडाला मधोमध खड्डा पडला होता, एका मदारीचा उंट दोन मदारींचा झाला होता. त्यांनी पॅनेल बसवणाऱ्यांकडचा मुलगा बोलावलाच होता. आम्ही तिघं वर गेलो.

पॅनेलांच्या पहिल्या रांगेवर आईचं हिरवं नऊवारी ताणून बसवलं होतं, पदर खालच्या चौकटीत खोचलेला, आणि त्यावर ओळीने, शाळेतल्या मुलांसारख्या, शंभर-सव्वाशे कुरडया. आई खुर्ची टाकून छत्री घेऊन बसली होती, कावळे हाकायला.

"आजी, हे काय केलंत?" सेक्रेटरी म्हणाले.

"जागा सुरेख आहे," आई म्हणाली. "दक्षिणेला तोंड, थोडा उतार, खालून वारा, वरून ऊन, काच अशी तापलेली. कुरडई दोन्ही बाजूंनी वाळते. आमच्या वेळी खाट पालथी घालावी लागायची. फक्त उतारावर पापड्या ओघळल्या असत्या, म्हणून मी कुरडया घेतल्या."

"अहो पण वीज!"

"ऊन काय सोसायटीच्या बापाचं आहे का?"

मला अण्णांची आठवण झाली. त्यांच्या चौथ्या प्रश्नाची जागा इतकी वर्षं रिकामी होती.

तो मुलगा सांगलीकडचा निघाला. त्याने आईपुढे उकिडवं बसून समजावलं. पॅनेलातले सेल एकाला एक जोडलेले असतात, साखळीसारखे. एकावर सावली पडली की तो अडतो आणि त्याच्यामागची अख्खी रांग बसते. म्हणून थोडंसं झाकलं तरी वीज थोडीशी नाही, बरीच जाते.

"कळलं," आई म्हणाली. "एक सून आजारी पडली की घरातल्या बारा माणसांचं जेवण अडतं. तसंच ना?"

मुलगा म्हणाला, "अगदी तसंच."

मग त्याला बशीत चीक मिळाला, वर दूध आणि साखर. सेक्रेटरींना विचारलं, ते नको म्हणाले, मग घेतला. कुरडया पॅनेलावरून काढायच्या की वाळू द्यायच्या यावर गच्चीवरच बैठक झाली. निम्म्या वाळलेल्या कुरडया उचलल्या तर मोडतात, हा मुद्दा निर्णायक ठरला. तीन वाजेपर्यंत सवलत मिळाली. नुकसान सहा युनिटांचं झालं, साठ रुपये, सातशे वीस चटण्या. आईने ते त्याच संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरी अर्धा किलो कुरडयांच्या रूपात भरलं आणि पावती मागितली.

फलकावर सूचना लागली, "सौर पॅनेलांवर कोणीही वाळवण घालू नये." तीन दिवसांनी तिच्याखाली दुसरी लागली, "पॅनेलांच्या रांगांमधील मोकळी जागा मार्च ते मे वाळवणासाठी वापरता येईल. नावनोंदणी आवश्यक." नोंदणीच्या वहीत पहिलं नाव सेक्रेटरींच्या पत्नीचं आहे.

पंधरवडा संपला त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलीने एक आकडा सांगितला. माणूस दिवसभर सतत कष्ट करत राहिला तर त्याच्या अंगातून साधारण पंचाहत्तर वॅट निघतात, एका पंख्याएवढे. मी लगेच अण्णांच्या आईचा हिशेब केला. ती तासगावजवळच्या गावात पहाटे तीनला उठून दोन तास दळायची. दोन तास, दीडशे वॅट-तास, अठरा चटण्या. मग मला भरून आलं आणि मी ओव्यांवर बोलायला लागलो. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, केवढं हे धन, गिरणी आली आणि ते गाणं बंद पडलं वगैरे.

"एक लाख ओव्या," आई म्हणाली. "म्हणजे दळण किती झालं असेल रे?"

मी थांबलो.

"गावात गिरणी आली तेव्हा तुझ्या आजीनं गिरणीपुढे नारळ फोडला होता. ओव्या तिला पाठ होत्या, त्या ती नंतर पाळण्यापाशी म्हणायची. बसून."

विषय बदलावा म्हणून मी अण्णांच्या झिरोच्या बल्बाची गंमत सांगितली. मला ती अलीकडेच कळली होती. झिरोचा बल्ब शून्य वॅटचा नसतोच, तो सुमारे पंधरा वॅटचा असतो. वापर इतका कमी की जुन्या मीटरला तो जाणवायचा नाही असं लोक म्हणत आणि म्हणून नाव पडलं झिरो. आजचा नऊ वॅटचा दिवा अख्खी खोली उजळतो आणि तरी झिरोपेक्षा कमी खातो. दहा तासांच्या रात्रीला अण्णांचा झिरो दीडशे वॅट-तास घेत होता. मी बोटांवर हिशेब केला आणि बोटं तिथेच थांबली. अठरा चटण्या. पहाटेचं दोन तासांचं दळण.

"बिचाऱ्या अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही," मी म्हणालो.

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यातच. रात्री सगळे दिवे बंद, नुसता झिरो चालू, आणि मीटरचं चाक हळूहळू का होईना फिरत होतं. मी उभी राहून बघितलं."

"मग अण्णांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तोही बंद केला असता. तुम्ही तिघं लहान, सासूबाईंना रात्रीतून दोनदा उठवावं लागायचं, माजघरात उंबरा. तेवढा उजेड मला हवा होता."

आईच्या खोलीत आता अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा आहे. रात्रभर जळला तरी त्याची एक चटणीही होत नाही.